बाल्कनीतली अंबाडी

३ नोव्हेंबर, रविवार

सोफियाने ही वही दिली. वर जोकिमच्या हॉटेलचं नाव सोनेरी अक्षरात आहे, आत पानं कोरी. म्हणाली, "नॅना, यू टॉक सो मच, राइट इट डाउन." म्हणजे माझी बडबड ऐकून पोरीचे कान दुखले. बरं, लिहिते. चौथीपर्यंत शिकले, त्यातही अर्धं वर्ष वाडीतच, पानवेलींना बांधायला. पण अक्षर माझं गोल आहे, फादरसुद्धा म्हणायचे.

जोकिम माझा मुलगा. दुबईत हॉटेलात स्टोअर सांभाळतो, राहतो अजमानला. सकाळी सहाला निघतो नि रात्री नऊला येतो, मधला सगळा वेळ रस्ता खातो. ॲनेट माझी सून, शारजाला दवाखान्यात रिसेप्शनला बसते, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सोफिया पंधराची, कार्ल आठचा. ती दोघं इंग्लिश बोलतात, मी मराठी, आणि आमचं भांडण अगदी व्यवस्थित होतं. शिवाय लॉयड आहे, ॲनेटचा धाकटा भाऊ. नोकरी शोधायला व्हिजिट व्हिजावर आलाय, हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. मला मावशी म्हणतो. दिसायला देखणा, उठायला उशीर.

येताना जोकिमने माझ्या बॅगेतून खसखस काढून टाकली. वसईलाच, घरातच. मी म्हटलं, अरे वाटणाला लागते. तर म्हणाला, "आई, तिथे खसखशीवरून माणसं आत जातात. चेष्टा नाही. एक दाणा सापडला तरी माझी नोकरी, व्हिजा, पोरांची शाळा, सगळं खलास." मग मी चणाडाळ भाजून वाटणात घालते. चव येते, पण तशी नाही.

असो. सांगायचं ते राहिलंच. माझ्या खोलीला बाल्कनी आहे! उन्हाळ्यात तिथे पाय ठेवला तर पापड भाजून निघेल. पण नोव्हेंबर लागला नि हवा फिरली. सकाळी वारा येतो तो समुद्रावरून येतो, अंगाला लागत नाही, नुसता हात फिरवून जातो. मी मलाच म्हटलं, सुझी, ही रोपांची हवा आहे. जोकिमकडून डबे मागवले, माती मागवली. माती दुकानात विकत मिळते, पिशवीत! वसईजवळ आमच्या निर्मळ गावात कुणाला सांगितलं तर हसून मरतील.

९ नोव्हेंबर, शनिवार

टोमॅटो, मेथी, मिरची लावली. मासे धुतलेलं पाणी रोज घालते, डोकी आणि काटे खाली पुरते. आमच्या वाडीत मासळीच्या खताशिवाय पानवेल कधी हसली नाही. ॲनेटने नाक धरलं. "आई, प्लीज, बाल्कनीचं दार बंद ठेवा." तेव्हापासून ती बाल्कनीत येत नाही. कपडेसुद्धा मीच वाळत घालते. जोकिमला वास येत नाही, त्याचं नाक एसीने गेलंय.

मला कधी कधी वाटतं ॲनेटला मी आले ते जड जातं. वाईट नाही ती. पण सतरा वर्षं झाली लग्नाला, अजून पाहुण्यासारखी "आई, चहा घेणार का?" विचारते. घेणारच ना! घेत नाही असं कधी झालंय?

आज लॉयड बाल्कनीत आला. माझे डबे बघितले, खाली बसला, मातीत हात घातला. मला इतकं बरं वाटलं. मग खिशातून कागदाची पुडी काढली. आत बिया, ठिपक्याठिपक्यांच्या. म्हणाला, "मावशी, हे लावशील? माझा मित्र आहे राजन, रास अल खैमाला, त्याने दिल्या."

"कसलं बी आहे?"

तो फोनमध्ये बघत म्हणाला, "इंडिका. नव्वद टक्के इंडिका."

मी म्हटलं, इंडिका आमच्या फादरांची गाडी होती, उतारावर पण ढकलायला लागायची. आणि बियाण्यात टक्के कसले रे?

तो हसून हसून आडवा झाला. "डोंगरातली जात आहे मावशी. बुटकी राहते, घेर धरते. थंड हवा आवडते तिला, पण फार थंड नको. ही हवा परफेक्ट आहे."

"भाजी होते का?"

त्याने पुन्हा फोनमध्ये बघितलं. म्हणाला, "औषध आहे. मम्मीला कंबरेला लावायला."

आईच्या कंबरेची काळजी करणारा मुलगा आजकाल कुठे सापडतो? लगेच लावल्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

उगवलं! चारातली तीन रोपं आली. पहिली दोन पानं साधी, मग जी पानं आली ती बघून मी टाळीच वाजवली. पाच बोटं, कडेला करवत. अहो, ही तर अंबाडी! शेंड्यापासून देठापर्यंत अंबाडी. मी लॉयडला सांगितलं, औषध कसलं आणलंस, आमच्याकडे बांधाबांधाला असते. हिचा पाला सोडे घालून काय लागतो, आणि बोंडांची चटणी केली तर भाकरी कमी पडते.

तो म्हणाला, "हो हो, अंबाडीच. फॉरेनची अंबाडी."

मग दाराकडे बघून हळूच म्हणाला, "मावशी, पण कुणाला दाखवू नकोस. दृष्ट लागते हिला. राजनची दोन वेळा गेली."

हे मात्र खरं. माझ्या सासऱ्यांचं रामफळाचं झाड एका बाईने "काय हो भरलंय" म्हटलं आणि आठवड्यात वाळलं. मी चर्चला जाते, रोझरी म्हणते, पण दृष्ट ती दृष्ट. दोन चादरी दोरीवर कायमच्या टाकल्या आणि अंबाडी मागे ठेवली. कठड्याला एक लाल मिरची आणि लिंबू पण टांगलं. लॉयड म्हणाला, "मावशी, यू आर द बेस्ट."

२ डिसेंबर, सोमवार

आज इथला राष्ट्रीय दिवस, सगळीकडे झेंडे. समोरच्या इमारतीने अख्खा झेंडा गच्चीपासून खालपर्यंत सोडलाय. कार्लने गालावर रंग लावून घेतले. सगळे कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला गेले, मी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिले. खरं कारण अंबाडी.

काय वाढलीय! दोन रोपं कमजोर होती ती उपटली, एक ठेवलं. उंचीला माझ्या कमरेलाही लागत नाही, पण घेर असा की बाळंतीण बसल्यासारखी. पानं रुंद, काळीहिरवी. आमची अंबाडी उंच किडकिडीत जाते, ही डोंगरातली खरंच वेगळी. मी तिच्याशी बोलते. लॉयडही येऊन बोलतो, पण तो फोन वाचून बोलतो. "मावशी, यात लिहिलंय जास्त पाणी नको. मावशी, यात लिहिलंय मासे नको." मी म्हटलं, फोनला सांग, सुझीबायने साठ वर्षं वाडी केलीय, फोनने किती केली?

पण मन लावून बघतो पोरगा. सकाळी माझ्याआधी उठतो आता! ॲनेटला कौतुकाने सांगितलं, लॉयड सुधारला हो, लवकर उठतो. ती म्हणाली, "इंटरव्ह्यूला गेला तर मानेन." बहीण आहे, बोलणारच. लहानपणी आई आजारी असायची म्हणून हिनेच त्याला मोठं केलं, शाळेचा डबा हीच बांधायची. असं जोकिमने मला सांगितलं, ती स्वतःबद्दल काही सांगत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

शेजारच्या मैमुनाबी दारात आल्या. दापोलीच्या आहेत, माझ्याशी छान मराठीत बोलतात, कोळंबी स्वस्त कुठे ते त्यांनाच ठाऊक. त्यांची बाल्कनी आमच्या बाल्कनीला लागून.

"सुझीबाय, राग मानू नका. कसला वास येतो हो तुमच्याकडून? आमचे हे विचारत होते, कोण काय जाळतंय."

"जाळत नाही. मासळीचं खत आहे."

"मासळीचा तर ओळखते मी, मी पण कोकणातली. हा दुसराच. उग्र. पानाला हात लावला की येतो तसा."

मला सांगावंसं इतकं वाटलं! ओठावर आलं होतं, अंबाडी आहे, या बघायला. पण दृष्ट. म्हटलं, झेंडू असेल. त्यांना वाटीभर मेथी दिली.

लॉयडला हे सांगितलं तर त्याचा चेहरा पांढरा झाला. खाली दुकानात जाऊन खोलीत फवारायच्या अत्तराचे तीन डबे घेऊन आला आणि सगळे बाल्कनीत संपवले. आता सारं गुलाबाचं आणि बांगड्याचं. ॲनेट म्हणाली, "आई, ह्यापेक्षा नुसते मासे बरे होते."

२६ डिसेंबर, गुरुवार

नाताळ झाला. शारजाच्या चर्चमध्ये इतकी गर्दी की अंगणात उभं राहून मिस्सा ऐकली, सगळे देश एका अंगणात. घरी मैद्याचे गोड फुगे तळले, मटणाचं आंबट-तिखट इंदाळ केलं. खसखस नव्हती पण कुणाला कळलं नाही. जोकिम चार फुगे जास्त खाऊन सोफ्यावर पसरला आणि म्हणाला, "आई, तू आल्यापासून घर घरासारखं झालं." ॲनेट पण हसली. मला रडू आलं, मी कांद्यावर ढकललं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. अंबाडी धरत नाही. तुरे आलेत, भरपूर, फांदीफांदीला. पण चिकट. बोटं चिकटतात, साबणाने सुद्धा जात नाही. फूल उमलत नाही, बोंड नाही. मला नाताळच्या जेवणाला चटणी करायची होती. लॉयड मात्र तुरे बघून असा खूश होतो जसं त्याला बाळ झालंय. भिंगाच्या काचेने बघतो. "अजून दोन आठवडे मावशी, मग मी काढेन." मी म्हटलं, बोंड धरल्याशिवाय काय काढणार? तुरे काय, तुरे कोंबड्याला पण असतात.

वांझ झाड वाडीत ठेवत नाहीत. पण लगेच कापत पण नाहीत. त्याला एक रीत आहे.

३ जानेवारी, शुक्रवार

लॉयडला काय झालंय कळत नाही. कालपासून जेवत नाही. राजन, तो रास अल खैमाचा मित्र, फोन उचलत नाही म्हणे. मी म्हटलं, झोपला असेल, कामावर असेल. "दोन दिवस, मावशी?" फोन हातात घेतो, ठेवतो, पुन्हा घेतो. दारावर टकटक झाली तर बाथरूममध्ये जाऊन बसला. पाण्याचा कॅनवाला होता.

मला वाटतं राजनची बहीण वगैरे असेल आणि ह्याचं तिच्यावर मन असेल. ह्या वयात दुसरं काय असणार? मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, तू मला वाईट समजशील का?"

मी म्हटलं, वेडा आहेस का! तुझ्याएवढा झाडावर जीव लावणारा वाईट असतो का?

तो उठून गेला.

पोराचं मन रमावं म्हणून मी ठरवलं, रविवारी झाडाला भेवडवायची रीत करायची. तीन राजांचा सण सोमवारी, त्याआधीचा रविवार हाच तिचा दिवस. माझ्या सासरी फणस धरत नसला की सासरे कोयता घेऊन झाडासमोर उभे राहायचे आणि ओरडायचे, "देतोस की कापू?" आणि माझी सासू झाडाच्या मागे लपून झाडाच्या वतीने म्हणायची, "नको कापू, पुढल्या वर्षी देईन." असं तीन वेळा. मग कोयत्याची नुसती पाठ बुंध्याला लावायची. पुढल्या वर्षी फणस लागायचाच. न लागून सांगतो कुणाला! लॉयड झाडाच्या मागे बसेल. हसेल तरी.

५ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

जोकिम, ॲनेट आणि कार्ल मिस्सेनंतर खालीच मार्केटला गेले. मी मटण कापायचा सुरा धुऊन घेतला. म्हटलं, सोफियाला बोलावू, फोनवर चित्र काढेल, निर्मळला पाठवता येईल. रीत झाल्यावर दृष्ट लागत नाही, मग हरकत नाही.

सोफिया हेडफोन गळ्यात घालून आली. मी चादर बाजूला केली आणि म्हटलं, हे बघ!

पोरगी बघतच राहिली. मला वाटलं भारावली. मग फोन खाली केला आणि विचारलं, "नॅना, हू गेव्ह यू धिस?"

"लॉयड मामाने."

"डिड यू टेल एनिवन? एनिवन?"

"नाही बाई, दृष्ट लागते."

तिने एक पान उचललं, सोडलं, हात पँटला पुसले आणि पळत खोलीत गेली. दार लावलं. आतून मम्मा मम्मा ऐकू आलं, बाकी इंग्लिश. आजकालच्या मुलांना झाडाची पण भीती.

मी लॉयडला उठवला. तो नकोच म्हणत होता, पण मी हात धरून आणला, झाडामागे बसवला, काय म्हणायचं ते शिकवलं. मग सुरा उंच केला आणि सासऱ्यांच्या आवाजात म्हटलं, "देतेस की कापू?"

लॉयड हसलाच नाही. झाडामागून त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "नको कापू."

"पुढे म्हण."

"नको कापू. थोडे दिवस दे."

"थोडे दिवस नाही रे, पुढल्या वर्षी!"

"पुढल्या वर्षापर्यंत मी कुठे असेन, मावशी?"

असं म्हणायचं नसतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "देतेस की कापू?" तेवढ्यात बाहेरचं दार असं उघडलं की भिंतीवर आपटलं. जोकिम. मागे ॲनेट, चपला पायातच. कार्लला सोफियाने खोलीत ओढला. दोघं बाल्कनीत आले, हो, ॲनेटसुद्धा, नाक न धरता! झाड बघितलं. जोकिमला इतका घाम मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता.

ॲनेटने भावाकडे बघितलं. ओरडली नाही. "लॉयड, कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही, ताई."

"राजनला?"

तो डब्यातली माती उकरायला लागला.

"राजन कुठे आहे?"

"फोन लागत नाही. गुरुवारपासून."

ॲनेटने कठडा धरला. मग खोल श्वास घेऊन आधी चादरी पुन्हा नीट ओढल्या, समोरच्या खिडक्यांच्या बाजूला. असल्या वेळी चादरी सारख्या करते, म्हणजे टापटीप किती!

जोकिम म्हणाला, "आई. काप."

मी म्हटलं, "अरे, ह्या रीतीत असं कुणी म्हणत नाही. नको कापू म्हणायचं असतं. आणि ते लॉयडने म्हणायचं."

"आई, मी सांगतोय, काप. आत्ता."

"जोकिम, वांझ असली तरी एक संधी देतात रे. तुझ्या आजोबांनी कधी फणस कापला नाही."

"कापा, आई," ॲनेट म्हणाली. "मुळासकट."

साठ वर्षांत मी ही रीत कितीदा बघितली. कापू का विचारायचं आणि घरातून कापा असा आवाज यायचा, हे कधी झालं नाही. मी लॉयडकडे बघितलं. म्हटलं, हा झाडाच्या बाजूचा आहे, हा काय म्हणतो ते खरं. तो खालीच बसला होता, पानं त्याच्या केसांत. तो बहिणीकडे बघत होता, तिच्या चपलांकडे. आणि म्हणाला, "काप मावशी. मला नको आहे."

मग मी कापलं. एका घावात. बुंधा बोटाएवढाच, पण माझा हात जड झाला.

मला वाटलं आता पाला खताला मिळेल. कसला मिळतोय! जोकिमने सगळं बाथरूममध्ये नेलं, कात्रीने बारीक बारीक केलं आणि कमोडमध्ये ओढून दिलं. दुपारभर पाणी ओढायचा आवाज. माती पण गेली. काचेचं भिंग गेलं, पुडीचा कागद गेला. ॲनेट बाल्कनी डेटॉलने घासत होती, गुडघ्यांवर बसून. मी म्हटलं, अगं मी करते. तर म्हणाली, "आई, तुम्ही फक्त हात धुवा. पुन्हा धुवा."

सांगितलं काय, तर झाडाला विषारी कीड होती आणि पोरांना ॲलर्जी होते. मला न दिसलेली कीड अजून जन्माला यायचीय. पण मी वाद घातला नाही.

६ जानेवारी, सोमवार

तीन राजांचा सण, पण घरात कुणी गोड केलं नाही.

मी रात्रभर विचार केला, माझं काय चुकलं. मला वाटतं मला कळलंय. लॉयड नोकरी शोधायची सोडून माझ्याबरोबर बागेत रमला, ह्याचा त्यांना राग. झाड निमित्त. म्हणून मी जोकिमला स्पष्ट सांगितलं, "पोराला बोलू नकोस. त्याला मीच नादाला लावलं."

जोकिम माझ्याकडे बघत राहिला. मग माझं डोकं आपल्या छातीला लावलं आणि म्हणाला, "नाही आई. तू नाही लावलंस." आणि हसायला लागला, हसता हसता डोळे पुसले. ह्या घरात सगळ्यांना आराम हवाय.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी बेल वाजली. ॲनेटच्या हातातला ग्लास पडून फुटला. लॉयड जागेवर उभा, जोकिमने दार उघडायला एवढा वेळ लावला की बाहेरचा माणूस पुन्हा बेल दाबायला लागला. एसीचा मेकॅनिक! बिल्डिंगने पाठवलेला, फिल्टर धुवायला. मी त्याला चहा दिला. बिचारा घरभर फिरला, बाल्कनीतही गेला, तर हे तिघं त्याच्या मागे मागे, जशी वरात. जाताना म्हणाला, "आंटी, टमाटर बहुत अच्छा है." मी दोन दिले.

एसीवाल्याला इतकं काय घाबरायचं असतं ते मला नाही कळत.

राजनचा फोन अजून बंदच. मला वाईट वाटतं, त्याच्या आईचं काय होत असेल.

१० जानेवारी, शुक्रवार

लॉयड गेला. ॲनेटने तिकीट काढलं. व्हिजा संपला म्हणाले. त्याच्या बॅगेचा प्रत्येक खिसा तिने स्वतः उलटा केला, बुटांचे तळवेसुद्धा झटकले. मी टोमॅटो देत होते, तर नको म्हणाली, काहीच न्यायचं नाही, धुतलेले कपडे आणि पासपोर्ट.

जाताना त्याने माझ्यापुढे डोकं वाकवलं. मी कपाळावर क्रूस काढला. हळूच म्हणाला, "मावशी, तू मला नाही विचारलंस तरी मीच सांगतो. माझ्या मम्मीची कंबर दुखत नाही."

मी म्हटलं, बरं आहे ना मग! देवाची कृपा.

त्याला काहीतरी अजून बोलायचं होतं. पण त्याने बॅग उचलली. ताईला मिठी मारायला गेला तर ती आधी ताठ उभी राहिली, मग तिनेच त्याला असा आवळला की त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. "माणूस होऊन ये," म्हणाली. "मग मी तिकीट पाठवीन."

संध्याकाळी ती फोन पुढ्यात ठेवून किचनमध्ये बसली. चहा केला तो तसाच निवला. मग मुंबईला उतरल्याचा मेसेज आला, बाहेर पडल्याचा पण आला. तेव्हा ॲनेट तिथेच लादीवर खाली बसली आणि रडली. मी पण खाली बसले, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. एवढा धाकटा भाऊ गेला तर कुणालाही वाईट वाटणार. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "आई, देवाने वाचवलं." विमानाची एवढी भीती आहे तिला, मला माहीतच नव्हतं.

२८ जानेवारी, मंगळवार

बरेच दिवस लिहिलं नाही कारण वेळच मिळत नाही. आता मी एकटी नाही ना बागेत! ॲनेट रोज कामाला जायच्या आधी बाल्कनीत येते. खरंच सांगते. डबा डबा बघते, पानं उलटी करते, वास घेते. "आई, हे काय?" मेथी. "हे?" मिरची, फूल धरलंय. "आणि हे?" तो तर आल्याचा डोळा. ती फोनमध्ये प्रत्येकाचा फोटो काढते, खाली नाव लिहून ठेवते. मला सांगून ठेवलंय, नवं काही उगवलं तर आधी मला फोन करायचा, कितीही कामात असले तरी. मासळीच्या वासाबद्दल आता एक शब्द नाही.

सतरा वर्षांत मला वाटलं होतं हिला मातीची आवड नाही. आवड होती, कुणी हात धरून आणायला हवं होतं.

आज टोमॅटोच्या डब्यात एक रोप आपोआप आलं. मी लावलेलं नाही. लाल देठ, दोनच पानं. ठरल्याप्रमाणे मी तिला फोन केला, म्हटलं, अगं, एक अनोळखी उगवलंय. ती "आई, हात लावू नका, मी येते" म्हणाली आणि दवाखान्यातून टॅक्सी करून आली! शारजाहून! युनिफॉर्ममध्येच खाली बसली, डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. तोवर मला तिसरं पान दिसलं होतं.

मी म्हटलं, "माठ आहे गं. लाल माठ. मातीतूनच आला असेल."

"नक्की माठ?"

"माठ मी डोळे मिटून ओळखते."

"आई, नक्की?"

मी एक पान तोडून खाल्लं. दुसरं तिला दिलं. तिनेही खाल्लं.

आणि मग त्या माझ्या सुनेने, जिने कधी माझ्या हाताला हात लावला नव्हता, मला दोन्ही हातांनी धरून मिठी मारली, सोडेचना. माठाच्या एका रोपासाठी! मी म्हटलं, थांब, वाढू दे, महिनाभरात तुला लसूण घालून भाजी करून घालते. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "करा आई. माठच करा."